झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा प्रकल्प

पत्र

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिकेचं हे पत्र आहे. त्या आठवीच्या वर्गशिक्षिका आहेत आणि पटावर ५६ मुलं आहेत. बहुतेकांचे वडील यंत्रमाग कारखान्यात कामाला जातात, आई घरी विड्या वळते किंवा शिलाई करते. गेल्या वर्षी त्यांनी ‘सोलापुरी चादर’ हा प्रकल्प दिला. चाळीसेक मुलांनी तोच मजकूर आणि तेच फोटो आणले, शाळेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून विकत घेतलेले. यंदा त्यांनी ‘तुम्हाला आवडेल तो विषय घ्या’ असं सांगून पाहिलं. ज्वालामुखी, सूर्यमाला आणि थर्माकोलचं चंद्रयान आलं. काही मुलांनी तर अख्खा प्रकल्प मोबाईललाच लिहायला सांगितला. मुख्याध्यापकांना प्रदर्शनात मांडण्यासारखं काही हवं आहे. सहकारी म्हणतात, मार्क देऊन मोकळ्या व्हा. एका मुलीची आई शाळेच्या दारात येऊन सांगून गेली, ‘बाई, चार्टपेपरचे पैसे आता मागू नका.’ शिक्षिका विचारतात: ‘मुलांना आवड नाही, घरून मदत नाही आणि अभ्यासक्रम संपत नाही. प्रकल्प नावापुरते ठेवून तो वेळ उजळणीला द्यावा, की यातून मुलं खरंच काही शिकू शकतात?’

उत्तर

ताई,

त्या चाळीस सारख्या प्रकल्पांपासून सुरुवात करते, कारण त्यांनीच तुम्हाला सगळ्यात जास्त दुखावलेलं दिसतं. ज्या मुलाच्या घराच्या भिंतीपलीकडे दिवसभर माग खडखडत असतो, त्याने ‘सोलापूर हे चादरींसाठी प्रसिद्ध आहे’ हे वाक्य पैसे देऊन विकत आणावं, हे कुणाही शिक्षकाला लागेलच. पण घटकाभर त्या मुलाच्या जागी उभ्या राहून बघा. फळ्यावर लिहिलेलं होतं ‘माहिती गोळा करा’. माहिती सगळ्यात लवकर आणि सगळ्यात कमी त्रासात जिथे मिळते, तिथून त्याने ती गोळा केली. सांगितलेलं काम त्याने केलं. त्या कामात त्याचं डोकं कुठेच लागत नव्हतं, म्हणून ते लागलं नाही.

म्हणून ‘मुलांना आवडच नाही’ हे तुमचं पहिलं विधान मला पटत नाही. आवड आहे की नाही हे कळण्यासाठी आधी समोर प्रश्न असावा लागतो. ‘सोलापुरी चादर’ हा प्रश्न नाही, मथळा आहे. त्याच विषयातून असा प्रश्न काढता येतो: चादरीवरचं एक फूल विणायला किती उभे आणि किती आडवे धागे लागतात? याचं उत्तर झेरॉक्सच्या दुकानात नाही, मोबाईलमध्ये नाही आणि खरं सांगायचं तर तुमच्याकडेही नाही. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याला एक इंच बाय एक इंच खिडकी कापायची, ती घरातल्या चादरीवर ठेवायची आणि सुईच्या टोकाने एकेक धागा सरकवत मोजायचं. ताणा किती, बाणा किती. मग फूल किती इंचांचं आहे ते मोजून गुणाकार करायचा. एकीच्या चादरीत एक आकडा येईल, दुसरीच्या चादरीत दुसरा. का, ते शोधायला मुलं स्वतःहून कारखान्यात जाऊन विचारतील. जकार्डचं, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रणेचं, डिझाइन आधी चौकटीच्या कागदावर काढतात हे तिथला कुणीतरी दाखवेल. पुढे आलेखाचा धडा शिकवताना तो कागद तुमच्या उपयोगी पडेल.

चादर तीच, मुलं तीच. फक्त विचारणं बदललं.

आता यंदाचा अनुभव. तुम्ही मोकळीक दिलीत आणि ज्वालामुखी आले. यावरून तुम्ही निष्कर्ष काढलात की मुलांना मोकळीक पेलत नाही. मला वाटतं, मोकळीक दिली की काम आपोआप अर्थपूर्ण होईल, ही अपेक्षाच जरा जास्त होती. तेरा वर्षांच्या मुलीला ‘काहीही निवड’ म्हटलं की ती आधी कुणीतरी केलेलं आणि शाबासकी मिळालेलं निवडते. आपणही तेच करू. बी.एड.ला आपण अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिकची प्रकल्प पद्धत पाठ केली. १९१८ सालच्या त्याच्या निबंधात मनापासून आणि हेतू ठेवून केलेल्या कामावर भर होता. पण ज्यांच्या विचारांवर त्याने ही मांडणी उभी केली, ते जॉन ड्युई पुढे १९३८ साली बजावून सांगत होते की मुलांचा अनुभव कुठल्या दिशेने जाईल याची जबाबदारी शिक्षकाने सोडायची नसते. आपल्याकडे वर्ध्याच्या १९३७ च्या शिक्षण परिषदेतून नई तालीम, म्हणजे हातकामातून शिकण्याची गांधीजींची शिक्षणपद्धती, पुढे आली, तिच्यातही सूतकताई हे नुसतं हातकाम नव्हतं. सूत कातता कातता त्यातून गणित आणि भूगोल शिकवायचा, आणि तो शिकवायला शिक्षक तिथे हजर असायचा. प्रश्न शिक्षकाने निवडला तर प्रकल्पाचं सत्त्व जातं, ही भीती मनातून काढून टाका. आठवीत, ५६ मुलांच्या वर्गात, पहिला प्रश्न तुम्हीच निवडा. निवड चांगली झाली की पुढचे प्रश्न मुलं काढतात.

चांगला प्रश्न ओळखायचा कसा? मी तीन गोष्टी बघते. उत्तर वर्गात कुणालाच, बाईंनाही, आधीपासून माहीत नसावं. ते शोधायला पाठ्यपुस्तकातलं एखादं अवजार लागावं, म्हणजे सूत्र, नकाशा, आलेख असं काही. आणि उत्तर ऐकायला वर्गाबाहेरचं कुणीतरी खरोखर थांबलेलं असावं. यातली तिसरी गोष्ट बहुतेक शाळांत राहून जाते. शिक्षक मार्क देण्यासाठी वाचतात, त्यानंतर तो प्रकल्प कपाटावर जातो आणि वर्षअखेरीस रद्दीत. आपलं काम कुणालाच नको आहे हे मुलांना चांगलं कळतं. झेरॉक्सचं दुकान चालतं ते त्यामुळेच.

तुमच्या वर्गासाठी मी एकच प्रश्न सुचवते आणि तो जरा सविस्तर सांगते, कारण गोष्ट तपशिलातच अडते.

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. तीन-चार दिवसांआड येतं. तुमच्या वर्गातल्या प्रत्येक घरात पिंप, टाकी, घागरी, कळशा आहेत आणि पाण्याच्या दिवशी घरातलं कुणी ना कुणी नळापाशी बसलेलं असतं. मुलांना हे इतकं अंगवळणी पडलंय की यात काही विचारण्यासारखं आहे असं त्यांना वाटत नाही. तेव्हा विचारा: ‘आपल्या गल्लीत माणशी रोज किती लिटर पाणी साठवलेलं असतं?’

पहिल्या दिवशी वर्गात एक निळं प्लास्टिकचं पिंप आणून ठेवा. आठवीत पृष्ठफळ आणि घनफळ आहेच. पाय आर वर्ग एच हे सूत्र मुलं झोपेतही म्हणतील. आता म्हणा, मोजा. पहिली अडचण लगेच येते: त्रिज्या मोजायची कशी? पिंपाच्या झाकणावर मध्यबिंदू कुणी काढून ठेवलेला नाही. थोडा वेळ गोंधळ होऊ द्या, सांगू नका. कुणीतरी दोरी गुंडाळेल. समजा परीघ १८२ सेंटीमीटर आला. ३.१४ ने भागला की व्यास ५८, त्रिज्या २९. उंची ८५ धरली तर घनफळ २,२४,४६३ घन सेंटीमीटर, म्हणजे सव्वादोनशे लिटरच्या जवळपास. पण दुकानदार तर म्हणाला होता पिंप दोनशे लिटरचं आहे! चुकलं कोण? सूत्र, दोरी की दुकानदार? इथे तुम्हाला एक अख्खा तास द्यावा लागेल आणि तो वाया गेलेला नसेल. दोरी बाहेरून गुंडाळली होती, म्हणून प्लास्टिकची जाडीही मोजली गेली. पिंप काठोकाठ कुणी भरत नाही. मधल्या फुगवट्यावर मोजलं की एक उत्तर, खाली मोजलं की दुसरं. एखादी मुलगी म्हणेल, पाण्याच्या दिवशी पिंप भरताना कळशा मोजते. आकारमान आणि धारकता यांत फरक काय, हे त्या दिवसानंतर पुन्हा शिकवावं लागणार नाही.

दुसरा पेच भागाकारात आहे. एका घरात दोन पिंपं आणि ५०० लिटरची एक टाकी आहे, म्हणजे ९०० लिटर. माणसं सहा. पाणी ‘तीन दिवसांआड’ येतं. आता दिवसांनी भागायचं ते तीनने की चारने? यावर वर्गात भांडण झालं पाहिजे. सोमवारी आलेलं पाणी पुन्हा शुक्रवारी येत असेल तर साठा चार दिवस पुरवायचा आहे. ९०० भागिले २४, माणशी रोज साडेसदतीस लिटर. यावर कुणाच्या तरी लक्षात येईल की पाण्याच्या दिवशी धुणं तर थेट नळावरच होतं, ते पाणी या हिशेबात आलंच नाही. हा मुद्दा काढणाऱ्या मुलाला मी पैकीच्या पैकी मार्क देईन, त्याचं अक्षर कितीही वाईट असलं तरी.

यानंतरच आकडे सांगा: शहरांसाठी आपल्याकडे माणशी रोज १३५ लिटर हा पाणीपुरवठ्याचा निकष धरतात आणि जलजीवन मिशनने गावांसाठी ५५ लिटर धरले आहेत. हे आकडे आधी सांगितले तर पाठांतरात जातात. स्वतःचा आकडा हातात असताना ऐकले तर मुलं खुर्चीत सरळ बसतात. पुढचा प्रश्न त्यांच्याकडूनच येतो: मग आपलं पाणी जातं कुठे? तिथून भूगोलाच्या सरांना वर्गात बोलवा. उजनी धरणाचं पाणी सोलापूरला दोन वाटांनी येतं. एक थेट जलवाहिनीने. दुसरी वाट भीमा नदीतून औजच्या बंधाऱ्यापर्यंत, आणि तिथून टाकळीला उपसून शहरात. शिवाय हिप्परग्याचा तलाव आहे. एकाच धरणाचं पाणी नळीतून येताना आणि उघड्या नदीतून लांबवरून येताना काय काय होतं, बाष्पीभवन, झिरपणं, वाटेतला उपसा, हा विज्ञान आणि भूगोल दोन्हींचा धडा आहे. उजनीची क्षमता सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट. टीएमसी म्हणजे किती पिंपं, हे मुलांना एकदा काढायला लावा. दशलक्ष आणि अब्ज यांच्याशी त्यांची खरी ओळख तिथे होते.

तुमच्या गल्ल्यांत पाणी सोडणारे कर्मचारी, ज्यांना लोक चावीवाले म्हणतात, त्यांना एका तासासाठी शाळेत बोलवा. कुठला व्हॉल्व्ह कधी आणि का फिरवायचा हे त्यांना पाठ असतं. मुलांनी आधी प्रश्न काढून ठेवावेत आणि शाळेतल्या शिपाईमामांसमोर एकदा विचारून पाहावेत. मुलाखत घेणं शिकवावं लागतं. नाहीतर मुलं ‘तुमचं नाव काय, गाव कोणतं’ इतकं विचारून गप्प बसतात.

इथे एक सावधगिरी, आणि ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पाणी हा अब्रूचा विषय आहे. कुणाच्या घरी दोन हजार लिटरचा हौद असतो, कुणाकडे चार घागरी. नळाला मोटर लावण्यावरून गल्लीत भांडणं होतात. म्हणून कागदावर घराचं नाव नको, फक्त गल्ली आणि माणसं किती ते लिहा. कुणाच्या घरी मोटर आहे का, हा प्रश्न विचारायचाच नाही. ज्या मुलाला घरचा आकडा द्यायचा नसेल त्याने शाळेच्या टाकीचं मोजमाप करावं आणि त्याला कारण विचारू नये. हीच काळजी विड्यांच्या बाबतीत घ्या. आईच्या मजुरीचा हिशेब हा गणिताचा उत्तम प्रश्न वाटू शकतो, पण भर वर्गात तो मुलीला जड जाऊ शकतो. आपल्या वर्गाच्या शिकण्यासाठी कुणाच्या घरची तंगी प्रदर्शनात मांडली जाणार नाही, एवढं पथ्य पाळा.

सगळ्या गल्ल्यांचे आकडे आले की सरासरी काढायला लावा आणि हौदवाल्या एका घरामुळे ती कशी वर उडी मारते ते पाहू द्या. ते घर काढून पुन्हा सरासरी. मग विचारा, गल्लीची परिस्थिती कुठला आकडा खरी सांगतो? आठवीचं सांख्यिकीचं प्रकरण यातच आलं.

आता ‘घरून मदत नाही’ याबद्दल. मदत म्हणजे चार्टपेपर, रंगीत प्रिंट, थर्माकोल आणि इंटरनेटवरून शोधून देणारा मोठा भाऊ असं धरलं, तर तुमच्या मुलांकडे ती नाही, आणि अशा प्रकल्पात ज्याच्याकडे पैसे आहेत तोच पुढे जातो. दारात येऊन पैसे मागू नका म्हणणाऱ्या त्या आईचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. पण पाणी किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, कुठल्या महिन्यात आटतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? धागा का तुटतो, आडव्या धाग्याची कांडी किती वेळात संपते, हे कामगार बापाला विचारावं. तुमच्या भागात कित्येक घरांत तेलुगू बोलतात. आजी-आजोबांची मुलाखत मुलाने तेलुगूत घ्यावी आणि वर्गात मराठीत सांगावी. मराठीच्या तासाला मान खाली घालून बसणारी दोन-तीन मुलं त्या दिवशी बोलायला उभी राहतील, बघा. कानडी आणि उर्दू बोलणाऱ्या घरांनाही हेच लागू. या मुलांच्या घरांत माहिती भरपूर आहे. आपण तिला आजवर प्रकल्पात जागा दिली नाही.

खर्चाचा नियम अगदी सोपा ठेवा. एक पैशाचीही खरेदी नाही. दोरी, पट्टी, पाठकोरे कागद आणि वही. थर्माकोल आणला तर परत पाठवायचा.

तुमची तिसरी अडचण वेळेची, आणि ती खरी आहे. पण ‘अभ्यासक्रम की प्रकल्प’ अशी मांडणी केली तर प्रकल्प दर वेळी हरणार. घनफळ आणि सांख्यिकीला तुम्ही तासिका देणारच आहात. त्याच तासिका वापरा. वर सांगितलेलं काम साधारण तीन आठवड्यांचं आहे, तेही रोज नाही. सत्रात असा एकच प्रकल्प करा आणि तो नीट करा. विषयवार सात प्रकल्प मुलांच्या माथी मारण्यापेक्षा गणित, विज्ञान आणि भूगोल या तिघांनी मिळून एक दिला तर मुलांचीही सुटका होते. पहिलीच वेळ असल्याने तो पूर्ण सुटसुटीत होणार नाही. एखादा पाठ मागे पडेल. तो पडू द्या आणि उजळणीच्या तासांतून भरून काढा.

५६ मुलांच्या वर्गात सगळ्यांना वेगवेगळे विषय देऊ नका, तुम्ही एकट्या पुऱ्या पडणार नाही. प्रश्न एकच, गल्ल्या वेगळ्या. पाच-पाच जणांचे अकरा गट, एकात सहा जण. गटात एक राबतो आणि चार बघतात, ही तक्रार सगळीकडून येते. त्यावर मला एकच उपाय लागू पडताना दिसला आहे: तक्ता गटाचा, वही प्रत्येकाची. वहीत आज मी काय मोजलं, काय अडलं, उद्या काय करणार, एवढ्या चार ओळी रोज लिहायच्या. कामं दर आठवड्याला बदला, म्हणजे मोजणारी मुलगी पुढच्या आठवड्यात लिहील आणि लिहिणारी विचारायला जाईल. दर तासाला दोन गटांच्या वह्या चाळा, सगळ्या नको. आणि शेवटच्या दिवशी गटातल्या कुणालाही उठवून विचारा, ‘हा आकडा कुठून आला?’ ज्याने काम केलंय तो सांगतो. मोबाईलने लिहून दिलेला अहवालही याच प्रश्नापाशी अडकतो. मोबाईलवर बंदी घालत बसू नका. त्यावरून वाचलेलं पिंपापाशी येऊन ताडून बघायला लावा.

मार्कांचं बघू. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे आणि आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकता शिकता वर्षभर होणाऱ्या मूल्यमापनाच्या, साधनांत प्रकल्पाबरोबर दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम आणि प्रात्यक्षिकही आहे. म्हणजे चावीवाल्यांना विचारलेला प्रश्न तोंडी कामात धरता येतो, पिंपाचं मोजमाप प्रात्यक्षिकात. एकाच कामातून तुमच्या नोंदी पूर्ण होतात, वेगळे कागद रंगवावे लागत नाहीत. सजावटीला मार्क शून्य ठेवा आणि ते पहिल्याच दिवशी मुलांना सांगा. सुधारणेला मात्र मार्क ठेवा: पहिला आकडा चुकला, कारण सापडलं, दुसऱ्यांदा मोजलं, हे वहीत दिसत असेल तर ते पहिल्या फटक्यात बरोबर आलेल्या उत्तरापेक्षा वरचं.

मुख्याध्यापकांशी भांडण करू नका, त्यांची गरज समजून घ्या. त्यांना पाहुण्यांना काहीतरी दाखवायचं असतं आणि वर कळवायचं असतं. त्यांना सांगा की राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत आणि आनंददायी शनिवारही आहेतच. गल्लीत जाऊन मोजण्याचं काम त्यात बसतं. मग त्यांच्याच कामाचा प्रश्न पुढे ठेवा, शाळेच्या टाकीचा. एका गटाला शाळेतले गळके नळ द्या. नळाखाली बाटली दहा मिनिटं धरली आणि समजा पाव लिटर पाणी जमलं, तर तासाला दीड लिटर, दिवसाला ३६ लिटर. वर ज्या घराचा हिशेब केला, त्यात एका माणसाच्या वाट्याला आलेलं पाणी आठवा. एक गळका नळ जवळजवळ तेवढंच पाणी वाहून घालवतो. हा तक्ता घेऊन मुलं मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली आणि आठवड्यात नळाला वायसर बसला, तर प्रदर्शनातल्या कुठल्याही चंद्रयानापेक्षा ते त्या मुलांच्या लक्षात राहील. प्रदर्शन जरूर भरवा, पण टेबलावर पिंप, दोरी आणि तक्ते ठेवा, मुलांना बाजूला उभं करा आणि पाहुण्यांना म्हणा, यांना काहीही विचारा. पालकसभाही त्याच दिवशी ठेवा. गल्लीचे आकडे ऐकायला आया येतीलच. त्यांचाच विषय आहे.

खेड्यातल्या ज्या शिक्षकांना असंच काही करायचं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पाण्याऐवजी ज्वारी घ्या. आजोबांच्या वेळी गावात किती ज्वारी होती, आज किती, ऊस किंवा डाळिंब कधी आलं, का आलं. सातबाऱ्यावरची पिकांची नोंद वाचायला शिकवा. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेलं मालदांडी ३५-१ हे ज्वारीचं वाण अजून कोण पेरतं, तेही विचारा. एकरी उत्पन्न, कडब्याचा भाव आणि घरी दिवसाला किती भाकऱ्या लागतात, यांत टक्केवारीपासून विज्ञानापर्यंत सगळं येतं. शेताच्या बांधावरून आणि हिश्शावरून भावकीत वाद असतात, तेव्हा इथेही पाण्याइतकीच काळजी घ्या. कुणाचा सातबारा, याची चर्चा वर्गात नको. लहान वर्गांसाठी इतकं मोठं काम नको. तिसरी-चौथीच्या मुलांनी शाळेच्या आवारातलं एक झाड वर्षभर बघितलं तरी खूप झालं.

सहकाऱ्यांचं एक उरलं. ‘मार्क देऊन मोकळ्या व्हा’ म्हणणारे वाईट नसतात, बहुतेकदा थकलेले असतात. निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, शालेय पोषण आहाराच्या नोंदी, यातून शिकवायला किती वेळ उरतो हे मला माहीत आहे. त्यांना पटवत बसू नका. फक्त भूगोलाच्या सरांना औजच्या बंधाऱ्याविषयी वर्गात एक तास घ्यायची विनंती करा. एक जण सोबत असला तरी पुरे.

तुमचा मूळ प्रश्न होता, प्रकल्प नावापुरते ठेवून तो वेळ उजळणीला द्यावा का. झेरॉक्सचे प्रकल्प तर आजच बंद करा, त्यात मुलांचे पैसे जातात आणि कुणी काही शिकत नाही. ती हिंमत मुख्याध्यापकांपुढे होत नसेल तर या सत्रापुरती एकाच वर्गाची परवानगी मागा. वाचलेल्या वेळातला निम्मा उजळणीला द्या, निम्मा या पिंपाला. घनफळाच्या घटक चाचणीत एक उदाहरण असं घाला की ज्यात त्रिज्या दिलेली नाही, परीघ दिला आहे. बाजूच्या तुकडीलाही तेच उदाहरण द्या. दोन्हींचे पेपर शेजारी ठेवले की पुढच्या सत्रात काय करायचं ते तुम्हाला आणि मुख्याध्यापकांना माझ्या सल्ल्याशिवाय ठरवता येईल. पेपर तपासून झाले की मला जरूर कळवा, विशेषतः कुठे अडलं ते.